मुखावरचं गलबत

एप्रिल संपत आला की मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचा वास बदलतो. एरवी तो कोरडा असतो, नव्या वहीसारखा. मे लागला की त्यात गोंदाचा आंबूस वास मिसळतो, कारण या उकाड्यात गोंद लवकर वाळत नाही आणि चिकटवलेले पट पंख्याखाली ओळीने मांडून ठेवावे लागतात. गेली अठरा वर्षं मी हा वास घेते आहे. खेळ छापणाऱ्या कंपनीत नोकरी करते म्हटलं की लोक हसून म्हणतात, मजा आहे तुमची, दिवसभर खेळायचं. मीही हसते. खुलासा करायचा आता कंटाळा येतो.

यंदाचा मेही तसाच आला आहे. घाटकोपरला मेट्रोत बसलं की जरा गार वाटतं, मरोळ नाक्याला जिना उतरला की ते संपतं. कंपनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षावाले पाय बाहेर काढून झोपलेले असतात. उसाच्या गाड्यावरचा घुंगरू लावलेला चरक फिरत असतो, पण रस प्यायला थांबायचंही जिवावर येतं. या दिवसांत मला कुणाशी बोलायला नको असतं, आणि नेमका हाच आमचा हंगाम. मुलांना सुट्ट्या लागल्या की घरोघरी खोके उघडतात, खोके उघडले की भांडणं होतात, आणि भांडणं झाली की प्रश्न येतात. त्या प्रश्नांची उत्तरं देणं हे माझं काम.

आता प्रश्न इंटरनेटवर कंपनीच्या पानावर येतात आणि मी संगणकावरून उत्तरं टाकते. खाली माझं नाव नसतं, कंपनीचं चिन्ह असतं. पूर्वी असं नव्हतं. बारा वर्षांपूर्वीचा एक मे महिना मला वर्षातून एकदा, याच दिवसांत, नको असताना आठवतो. त्या वेळी प्रत्येक खोक्यात एक छापील पोस्टकार्ड असायचं. ‘खेळताना अडलात तर लिहा’ असं त्यावर प्रधान सरांच्या अक्षरात छापलेलं. प्रधान सर म्हणजे कंपनीचे मालक. आमचे बहुतेक खेळही त्यांनीच बेतलेले. तोवर लोकांच्या हातात मोबाइल आले होते, ईमेल होतं, पण सरांना कागदच लागायचा. आलेल्या प्रत्येक कार्डाला कंपनीच्या कागदावर उत्तर गेलं पाहिजे, आणि खाली माणसाची सही पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. ‘पुस्तकाला उलट विचारता येत नाही गं, माणसाला विचारता येतं,’ म्हणायचे.

मेमध्ये कार्डांचा ढीग लागायचा. हरवलेली सोंगटी कंपनी फुकट पाठवायची, त्यामुळे निम्मी कार्डं हरवाहरवीची. एका मुलाने कळवलं होतं की धाकट्या भावाने गलबत गिळलं आहे, ते आज ना उद्या परत मिळेल असं डॉक्टर म्हणाले, पण आई ते खेळात घेऊ देणार नाही, तरी दुसरं पाठवावं. बोरिवलीच्या एका बाईंनी विचारलं होतं की मिस्टर हरायला लागले की पट मिटून टाकतात, याला काही नियम आहे का. नियम नव्हता. मी लिहिलं की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करावं. त्यांचं नंतर काही आलं नाही, म्हणजे एक तर तोडगा लागू पडला असेल किंवा पट माळ्यावर गेला असेल.

त्या वर्षी आमचा ‘सात बंदरं’ हा खेळ जोरात होता. पुढे याच खेळाने कंपनीला मोठं केलं. कोकण किनाऱ्याचा लांबट पट, त्यावर सात बंदरं, आणि प्रत्येक खेळणाऱ्याची तीन लाकडी गलबतं. माल भरायचा आणि पुढच्या बंदरात नेऊन उतरवायचा. मध्येच कुणी वादळाचं कार्ड उलटलं की समुद्रातली सगळी गलबतं तीन घरं मागे जायची, बंदरातली जागच्या जागी राहायची. भानगड होती ती एकाच घराची. प्रत्येक बंदराच्या तोंडाशी एक घर होतं, अर्धं निळं आणि अर्धं पिवळं. त्याला आम्ही मुख म्हणायचो. मुखावर उभं असलेलं गलबत समुद्रातलं धरायचं की बंदरातलं?

हा प्रश्न मरोळ गावठाणातल्या बेनी अंकलनी विचारला. सांताक्रूझला विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते, आणि रविवारी दुपारी चर्चच्या हॉलच्या मागच्या व्हरांड्यात आजूबाजूच्या मुलांना जमवून पट मांडायचे. हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासमोर फक्त एक पोस्टकार्ड होतं, इंजिनाच्या भागांवर नंबर घालावेत तशा सुट्या सुट्या अक्षरांत लिहिलेलं.

मी उत्तर लिहिलं की मुखावरचं गलबत बंदरातलं धरावं, वादळात हलवू नये. सही केली आणि पाकीट बंद केलं. नियमपुस्तिका उघडलीसुद्धा नाही. खेळ बाजारात यायच्या आधी वर्षभर आम्ही तो ऑफिसात खेळत होतो, रोज जेवणाच्या सुट्टीत, कच्च्या पुठ्ठ्यावर पेनने रेघा मारून. त्या वर्षभर मुख हे बंदरच होतं. छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात सरांनी ते समुद्रात टाकलं, कारण लोक मुखावर गलबतं लावून निवांत बसतात आणि खेळ सुस्त होतो असं त्यांचं मत झालं. पुस्तिकेतलं ते बदललेलं वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं. ‘बंदरात पूर्ण शिरलेली गलबतंच सुरक्षित.’ पण हाताला वर्षभराची सवय होती, मे महिन्यातली दुपार होती, टेबलावर चाळीस कार्डं पडली होती. ही चूक खेळ बनवणाऱ्यांचीच होऊ शकते. विकत घेणाऱ्याच्या डोक्यात एकच खेळ असतो, आमच्या डोक्यात त्याच्या आधीचे पाच कच्चे खेळही असतात.

चारपाच दिवसांनी दुसऱ्याच कुणाला उत्तर देताना पुस्तिका उघडली आणि ते वाक्य दिसलं. हातातलं काम टाकून उठले. आज हसू येतं, कारण प्रश्न लाकडी गलबताचा होता, कुणाच्या जिवाचा नव्हता. तरी मी सरांकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

‘किती जणांना गेलंय?’

‘एकालाच.’

‘मग सुट्टी संपली की दुरुस्ती पाठव. आता मरायला वेळ नाही.’

मी ते वहीत लिहून ठेवलं. यात सरांचा दोष नाही. त्यांनी सुट्टीनंतर पाठव म्हटलं होतं, पाठवू नको म्हटलं नव्हतं.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी बेनी अंकलनी आपल्या टेबलांची स्पर्धा ठेवली आणि कंपनीला बोलावणं धाडलं. सरांनी मला पाठवलं. मी निघतानाच ठरवलं होतं की त्यांना बाजूला घेऊन सांगून टाकायचं. दोन मिनिटांचं काम होतं.

गावठाणाच्या गल्लीत शिरले तीच मुळी शिंकत. मे संपायच्या आत तिथल्या बायका वर्षाचा मसाला भाजून कुटून बाटल्यांत भरतात. दर दोन घरांआड अंगणात मिरच्या वाळत होत्या, कुठे भाजणं चाललं होतं, आणि त्या तिखट वासाचा खाट सगळ्या गल्लीच्या नाकात गेला होता. हॉलच्या व्हरांड्यात सहा टेबलं मांडली होती. मुलं एका हाताने गलबत सरकवत होती आणि दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल लावत होती. घामाने कार्डं चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर एक नॅपकिन. कुणी खोकलं की आख्खं टेबल खोकायचं, आणि तरी कुणी उठत नव्हतं. गावठाणातली मुलं होती, आमच्याच वसाहतीतल्या कामगारांची होती, आणि घाटकोपरच्या डोंगरावरून दोन बस बदलून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी आठेक वर्षांची, तन्वी. खुर्चीवरून तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

बेनी अंकल उंच, काटकुळे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला बघून ते सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘ही बाय कंपनीची. आपल्या पत्राला हिनंच उत्तर दिलंय. सही बघा, सही.’ आणि त्यांनी खोक्याचं झाकण उलटं करून दाखवलं. माझं पत्र लॅमिनेट करून आत चिकटवलं होतं.

‘कंपनीनं लिहून दिलंय म्हटल्यावर भांडणच मिटलं बघ,’ ते म्हणाले. ‘आधी नुसती डोकेफोड व्हायची.’

मी काही बोलणार तेवढ्यात तन्वीच्या टेबलावर वादळाचं कार्ड उलटलं. सगळ्यांची गलबतं मागे गेली, आणि तिचं एक गलबत रत्नागिरीच्या मुखावर तसंच उभं राहिलं. समोरची मोठी मुलं कपाळाला हात लावून ओरडली, ‘मुखावर बसली रे ही.’ ती इतकी हसली की तिला ठसका लागला, मिरचीचा होता की हसण्याचा कोण जाणे. बेनी अंकलच्या बायकोने, फिलोमिना आंटींनी, माझ्या हातात फुग्यांची बशी दिली. मैद्याचे तळलेले गोल गोल फुगे, गरम, हलके. ‘खा गं, मग बोल,’ त्या म्हणाल्या.

मी खाल्ले. बोलले नाही.

त्या मुलांचा आनंद मोडवला नाही असं मी पुढे स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. मला लाज वाटली. आणि त्याहून खरं म्हणजे, सहा टेबलांसमोर कुणी माझी सही दाखवतं आहे याचं मला बरं वाटलं होतं. गिरणीतली नोकरी सुटलेल्या बापाची मी मुलगी, कुठे आमच्या सहीला कुणी विचारलं होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, कार्डं थांबली, दिवाळीच्या खेळांची छपाई लागली, वही भरली, दुसरी वही आली. दुरुस्ती गेली नाही.

नियम मात्र फिरत राहिला. तन्वीने तो घाटकोपरला नेला. मुलुंडला बेनी अंकलच्या भाच्याने टेबल सुरू केलं, तिथे गेला. बोरिवलीच्या कॉलेजातल्या पोरांकडे पत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो होता म्हणे, सही कापलेला. पुढे पुढे तो पत्रातला नियम आहे हेही नव्या लोकांना माहीत नव्हतं. पट अर्धा निळा अर्धा पिवळा, पुस्तिकेतलं वाक्य आडवळणाचं, आणि शिकवणारा सांगतो ते खरं. या उपनगरांत ‘सात बंदरं’ वेगळाच खेळ होऊन बसला. मुखावर कधी बसायचं, किती वेळ बसायचं, दुसऱ्याला बसू कसं द्यायचं नाही, यावर पोरं तासन्‌तास बोलायची. मी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुपचूप होते. वाचायचे आणि कधी कधी मनात सुखावायचे. चूकसुद्धा आपली असली की माणसाला तिचं कौतुक वाटतं. सरांना जे सुस्त वाटलं होतं त्यात या मुलांनी इतकी चुरस भरली होती की सर चुकले असंही मला वाटायचं.

खेळ विकणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते, हे मला आजही नीट सांगता येत नाही. खोका दुकानातून बाहेर पडला की आमचं काम संपलं असं कंपनीत सगळे धरतात. घेणाऱ्याचं तिथूनच सुरू होतं. तो खोका घरी नेतो, शेजारच्याला बोलावतो, रविवार मोकळा ठेवतो, मुलाला शिकवतो. त्याच्या घरात आपण काय ठेवून आलो आहोत हे आपल्याला दिसत नाही. कपबशी विकणाऱ्याला गिऱ्हाईक नंतर येऊन विचारत नाही की चहा कसा प्यायचा. आम्हाला विचारतात. आणि आम्ही सांगतो तसं ते वागतात. इतका विश्वास माझ्यावर माझ्या घरचेसुद्धा ठेवत नाहीत.

सर तीन वर्षांपूर्वी गेले. कंपनी त्याआधीच एका मोठ्या समूहाने घेतली होती. आता आमचं नाव देशातल्या पहिल्या दोनतीन कंपन्यांत घेतात. मजला नवा आहे, काचेची दारं आहेत, आणि खेळणाऱ्यांशी संपर्क ठेवायला रिद्धी नावाची एक हुशार मुलगी आहे. सव्वीस वर्षांची, मला मॅडम म्हणते, उन्हातून आले की स्वतःची पाण्याची बाटली पुढे करते. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. या वर्षी ‘सात बंदरं’ची नवी आवृत्ती निघाली, सोबत मोबाइलवरचं ॲप. मुखाचं घर आता पूर्ण निळं आहे. वादळ आलं की ॲप स्वतःच गलबत मागे नेतं, कुणाला विचारत नाही.

मेच्या दुसऱ्या रविवारी अंधेरीला कंपनीची मोठी स्पर्धा झाली. जुने पट आणि नवं ॲप असा संकर होता, कारण नवे पट छापून पोचले नव्हते. तन्वी आली होती. आता वीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि मरोळच्या टेबलाची सगळ्यात पक्की खेळाडू. पहिल्याच फेरीत तिने तिन्ही गलबतं तीन बंदरांच्या मुखांवर लावली आणि हात बांधून बसली. वादळ आलं. ॲपने तिन्ही गलबतं मागे ढकलली. ती पंचाशी भांडली, पंच म्हणाला नियम वाचून यायचे असतात. ती पहिल्या फेरीत बाहेर गेली. मी त्याच हॉलमध्ये, सरबताच्या टेबलाशी उभी होते. मी जागची हलले नाही.

त्या संध्याकाळी ग्रुपवर जुंपली. मुलुंडवाले, बोरिवलीवाले, सगळे विचारू लागले की कंपनीने नियम बदलला का आणि बदलला तर सांगितलं का नाही. सोमवारी रिद्धीने मला विचारलं, ‘मॅडम, जुन्या पुस्तकात मुख म्हणजे काय आहे?’

‘समुद्र,’ मी म्हटलं.

तिने विचारलं तेवढ्याचं उत्तर मी दिलं. तासाभराने कंपनीच्या पानावर निवेदन आलं. जुन्या आवृत्तीतही नियम हाच होता, काही गटांनी त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावला, यापुढे सर्वांनी अधिकृत नियमानेच खेळावं. मी ते दोनदा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं म्हणता आलं नसतं. सोयीने हा शब्द मात्र दिवसभर खुपत राहिला. ज्या माणसाने सोयीने अर्थ लावायला नको म्हणून पोस्टकार्ड लिहून विचारलं होतं, त्यालाच हा शब्द जाऊन लागला होता.

मंगळवारी जेवताना ग्रुप उघडला. तन्वीने लिहिलं होतं, ‘अंकल, बारा वर्षं तुम्ही आम्हाला चुकीचं शिकवलंत. एकदा पुस्तक तरी बघायचं ना.’ त्याखाली कुणाकुणाचे हसरे चेहरे, कुणाचं ‘वाट लावली यार म्हाताऱ्याने’. आणि सगळ्यांत शेवटी बेनी अंकल. ते ग्रुपवर कधी काही लिहीत नाहीत, नाताळच्या शुभेच्छा सोडल्या तर. त्यांनी लिहिलं होतं, ‘सॉरी मुलांनो. माझ्या समजण्यात चूक झाली असेल.’

त्यांच्याकडे माझं पत्र होतं. एक फोटो टाकला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

जेवण तसंच ठेवून मी रिद्धीकडे गेले. म्हटलं, ते निवेदन बदल, चूक कंपनीची होती, आपण लेखी उत्तर दिलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ‘मॅडम, आता शांत झालंय सगळं. परत छेडलं तर परत सुरू होईल. बारा वर्षांपूर्वीच्या एका पत्रासाठी?’

‘बेनी अंकलना लोक नावं ठेवतायत गं.’

‘कोण बेनी अंकल?’ तिने विचारलं.

तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. तिच्या पडद्यावर किती लोकांनी पान पाहिलं हे दिसतं. रविवारी व्हरांड्यात टेबलं पुसून कोण मांडतं हे दिसत नाही, आणि मला दिसत होतं तेव्हा मीही कुठे कुणाला सांगितलं होतं. मला फार थकल्यासारखं झालं. तिच्यावर चिडायलाही अंगात त्राण नव्हतं.

संध्याकाळी सुटल्यावर मेट्रोकडे न जाता गावठाणात गेले. गल्लीच्या तोंडाशी आता सातमजली इमारत आहे आणि पुढची तीन घरं पडली आहेत, पण मसाल्याचा खाट तसाच. फिलोमिना आंटी अंगणात खुर्ची टाकून मिरच्यांची देठं काढत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘आत आहे. दोन दिवस टीव्ही पण लावला नाही त्याने.’

बेनी अंकल खाटेवर बसले होते. वाकले आहेत आता. मी सरळ विचारलं, ‘पत्र आहे ना तुमच्याकडे?’

‘आहे की. कुठे जाईल.’

‘मग दाखवलं का नाही?’

त्यांनी चष्म्याची दोरी चाचपली. ‘खाली तुझं नाव आहे बाय. तुला अजून पाच-सहा वर्षं नोकरी करायची असेल ना.’

मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचंही नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. पुस्तक न उघडता लिहिलं ते, आठवड्यात कळलं ते, स्पर्धेच्या दिवशी सांगायला आले आणि फुगे खाऊन परत गेले ते. माझं झाल्यावर म्हणाले, ‘मला पण माहीत होतं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी भाच्याने पुस्तक दाखवलं मला. अंकल, इथे उलटं लिहिलंय म्हणाला.’

‘आणि तरी तुम्ही तसंच खेळलात?’

‘मग काय करणार? पुस्तक काय, सगळ्यांना मिळतं. पत्र आम्हाला आलं होतं. आम्ही विचारलं, कंपनीनं उत्तर दिलं. मी म्हटलं, कंपनीनं विचार करूनच लिहिलं असेल.’ आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘तन्वीला तेवढं सांगायला पाहिजे होतं मी. स्पर्धेला जायच्या आधी. ती माझी चूक. पोरगी बोलत नाही आता माझ्याशी.’

त्यांना स्पर्धेचं, ॲपचं, निळ्या घराचं काही नव्हतं. पोरगी बोलत नाही, एवढंच त्यांना लागलं होतं. मी पत्र मागितलं. ते उठले, कपाटातून खोका काढला आणि झाकणासकट माझ्या हातात दिलं, कारण पत्र आता झाकणापासून सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी त्या पत्राचा फोटो काढला आणि कंपनीच्या पानावर टाकला. सहीसकट. वर लिहिलं की मुखावरचं गलबत सुरक्षित, हे उत्तर कंपनीने मरोळच्या श्री. बेनी यांना लेखी दिलं होतं. ते चुकीचं होतं. चूक आठवड्याभरात आमच्या लक्षात आली होती, तरी आम्ही दुरुस्ती पाठवली नाही. त्यांनी कोणताही सोयीचा अर्थ लावला नाही, आम्ही सांगितलं तसं शिकवलं. त्यांची आणि त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्यांची आम्ही माफी मागतो. खाली माझं पूर्ण नाव घातलं. लिहायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांसाठी बारा वर्षं गेली, याचा मला स्वतःचाच राग आला.

अकरा वाजता फिलोमिना आंटींचा फोन आला. तन्वी कामावर न जाता त्यांच्याकडे आली होती, आंटींच्या शेजारी बसून मिरच्यांची देठं काढत होती, आणि बेनी आत शर्ट बदलत होता. एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

साडेअकराला रिद्धीने बोलावलं. ती रागावली नव्हती, घाबरली होती. तिलाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं, आणि मला तिची कीव आली. पान तिच्या समोर उघडं होतं, खाली लोक भराभर लिहीत होते.

‘मॅडम, तुम्हाला माफीच मागायची होती तर स्वतःच्या अकाउंटवरून मागायची ना,’ ती म्हणाली. ‘पर्सनल म्हणून. कंपनीच्या नावाने कशाला?’

मी खुर्ची ओढून बसले. पाय दुखत होते.

‘त्यांनी मला कुठे विचारलं होतं गं,’ मी म्हटलं. ‘त्यांनी कंपनीला विचारलं होतं.’